मंगळूचा कागद, माझं अक्षर

६ जानेवारी २०२५
हॉस्टेल, रूम नंबर १४, चेन्नईच्या पुढं

गोदे,

फोडला तर फोडला मोबाईल! दिवाळी होऊन दोन महिने झाले, अजून किती दिवस तेच धरून बसणार? आईच्या डबड्या फोनवर फोन केला तर तू घेत नाय. आई म्हणते, "ती म्हणती बोलायचं असंल तर पत्र लिही, पत्रात आरडता येत नाय." आणि ठेवून देती. हे डोकं आईचं नाय, तुझंच हाय. घे, लिहितोय. आठवी सोडल्यापासून पहिल्यांदा एवढं लिहायला बसलोय. अक्षराला हसायचं नाय.

माझं काय चुकलं सांग ना. सहा महिन्यांनी घरी आलो. आई दिवसभर लोकाच्या बागेत वाकून आली आणि तिनंच चूल पेटवली. आणि तू कोपऱ्यात कानात वायर घालून त्या गोऱ्यापान पोरांच्या कोरियन सिरियली बघत तोंडातल्या तोंडात पुटपुटती. मी शाळा सोडून द्राक्षाच्या पेट्या उचलल्या ते तुला इंग्लिश मीडियमला घालायला. त्या इंग्रजीतनं तू कोरियन शिकती, ते कशाला? तिकडचा नवरा करायचाय का? राग आला, हातातला मोबाईल हिसकला. तो पडला.

आता कामाचं. हसू नको. मला कोरियन पाहिजे.

इथं सगळे मोठे साहेब कोरियाचे. आमच्या लाइनला कांग सर. त्यांना हिंदी नाय, आम्हाला कोरियन नाय, तमिळ कुणाला धड नाय. एक दुभाषी पोरगी हाय, कयल नावाची, तुझ्याच वयाची, पण ती वर ऑफिसात बसती. खाली सगळं हातवारे आणि "प्पाल्ली प्पाल्ली". म्हंजे लवकर लवकर. हा एक शब्द सगळ्यांना पाठ. ज्याला चार वाक्यं बोलता येतील त्याला पिवळी टोपी, म्हंजे लाइन लीडर. महिन्याला चार हजार जास्त. आपल्या गावचा मंगळू माझ्या शेजारच्या मशीनवर हाय. तो म्हणतो, "वाल्या, तुझी बहीण शिकलेली, तिच्याकडनं घे की."

तर पाठव. सुरुवातीपासून. इंग्रजी घालू नको, मराठीत लिही.

वाल्मीक


१५ जानेवारी
पिंपळगाव बसवंत

दादा,

"तो पडला" नाही. तू आपटलास. चुलीच्या कडाप्प्यावर, दोनदा. पहिल्यांदा काच गेली होती, दुसऱ्यांदा सगळाच गेला. पत्र लिहायला बसलास ते बरं झालं. बोलताना तू हे वाक्य इतक्या जोरात म्हणतोस की मलाही वाटायला लागतं, तो पडलाच असेल.

आणि नवऱ्याबद्दल: तुमची ती कयल वर ऑफिसात बसते ना, तिचा पगार किती आहे विचार. मी कशासाठी पुटपुटते ते कळेल.

मोबाईल गेल्यापासून माझ्याकडे फक्त पुस्तक उरलंय. माझी मैत्रीण स्वरदा, नाशिक रोडची, तिने दिलेलं. ते इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलंय. त्यात दर पानावर समजूत घातलेली असते: घाबरू नका, क्रियापद शेवटी येतं, घाबरू नका, "मध्ये" हा शब्द "घर"च्या आधी नाही, नंतर चिकटतो. मी दोन वर्षं घाबरत घाबरत शिकतेय.

सोबत अक्षरांचा तक्ता आहे. चौकोन म्हणजे म. काटकोन म्हणजे ग. तोच उलटा केला की न. घराचं छप्पर म्हणजे स. दोन-तीन अक्षरं एकाच चौकटीत रचायची, पनेटमध्ये, म्हणजे पॅकिंगच्या छोट्या डब्यात, द्राक्षाचे घड बसवतो तशी. त्याखाली वीस शब्द: हात म्हणजे सोन, भात म्हणजे बाप, घर म्हणजे जिब, दवाखाना म्हणजे ब्योंगवन, सुरक्षा म्हणजे आन्जन. आधी हे.

आईचा पॅकहाऊसचा सीझन सुरू झाला. यंदा तिचा नंबर ४१, भरलेल्या प्रत्येक पेटीत त्या नंबरची चिठ्ठी टाकायची. परवा एक पेटी परत आली, आत सडका घड निघाला. आत चिठ्ठी ४१ची. आई म्हणाली, "माझीच हाय," आणि दिवसाचा अर्धा पगार सोडून आली. शेजारची म्हणत होती, चिठ्ठी काढून टाकायची ना, कुणाला कळलं असतं?

गोदावरी


२६ जानेवारी

गोदे,

तू दोन वर्षं घाबरत शिकलीस, मी आठवड्यात वाचायला लागलो. खोटं वाटतं ना? कॅन्टीनच्या भिंतीवर काय, संडासाच्या दारावर काय, सगळं खडाखडा वाचतो. अर्थ कळत नाय ते सोड. पोरं जमा होतात, "वाल्या, हे वाच, ते वाच." मी वाचतो, ती टाळ्या वाजवतात. रूममधले मला "कोरिया" म्हणायला लागलेत.

आणि तुझं ते पुस्तक येड्यानं लिहिलंय. भ्यायचं काय त्यात? नानन बाबुल मोगोयो. मी, भात, खातो. आपण असंच बोलतो की! जिब म्हंजे घर, जिबे म्हंजे घरी. घरला ई लागली तशी जिबला ए लागली. तू हे आधी इंग्रजीत उलटं करती, मग परत सुलटं करती. नाशिकवरनं पिंपळगावला यायचं तर मुंबईला जाऊन येती. मराठीतनं सरळ ये ना. माझ्या शाळेनं मला काय शिकवलं नाय, म्हणून मी वाचलो.

रोज सकाळी आठला सगळे आवारात रांगेत उभे राहतात. एक लाइन लीडर हातात कार्ड घेऊन कोरियनमध्ये सुरक्षेची वाक्यं वाचतो, एकेक वाक्य थांबून. त्याच्यामागं तीनशे माणसं मुठी वर करून तेच ओरडतात. कुणाला काय कळत नाय. मंगळू तर मधी स्वतःच्या बायकोचं नाव घालतो, कुणाला पत्ता लागत नाय.

मंगळूला मीच इथं आणला हे तुला माहीत हाय. त्याची आई सोडत नव्हती. मी म्हणालो होतो, "मावशी, मी हाय ना."

काम प्रेसचं. पत्रा आत सरकवायचा, वरचा ठोकळा दणकन खाली येतो. मशीनला दोन बटणं असतात, लांब लांब. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच ठोकळा उतरतो, म्हंजे हात मधी राहूच शकत नाय. पण त्यात वेळ जातो. म्हणून कांग सरांनी खिशातनं टेप काढून दिली, एक बटण कायमचं दाबून चिकटवायला लावलं. आता एका हातानं पत्रा, एका हातानं बटण. तासाला शंभर पीस जास्त निघतात. सवय झाली की काय नाय.

कांग सरांना काल मी "जेवलात का" विचारलं कोरियनमध्ये. ते थांबले, चष्मा वर केला, हसले. पहिल्यांदा हसले. पुढचं पाठव. तुझी ती कोरियनची परीक्षा झाली का?

वाल्मीक


४ फेब्रुवारी

दादा,

तुझं ते मुंबईला जाऊन येणं मला लागलं. तीन दिवस पुस्तक उघडलं नाही. मग उघडलं आणि सगळी उदाहरणं मराठीतून म्हणून बघितली. तुझं बरोबर आहे. झालं समाधान?

पण एक ध्यानात ठेव. तू कांग सरांना जे विचारलंस ते बरोबरीच्या माणसाला विचारतात तसं असेल तर ते हसले ते कौतुकाने नाही. मोठ्यांशी बोलताना "मी"सुद्धा वेगळा असतो. साधा मी म्हणजे ना, नम्र मी म्हणजे जो. आणि वाक्याच्या शेवटी "म्निदा" लावायचं. स्वतःला एक पायरी खाली उभं करायचं आणि मग बोलायचं. तुला हे अवघड जाईल.

परीक्षा झाली. पहिली पातळी पास झाले, आता दुसरीचा फॉर्म भरतेय. आईला सांगितलंय, पेढे वाटू नको म्हणून.

ती टेप मला आवडली नाही. काढ ती.

गोदावरी


१३ फेब्रुवारी

गोदे,

सगळं पहिल्यापासून लिहितो.

सोमवारी दुपारच्या पाळीत मंगळूचा उजवा हात प्रेसमधी गेला. तीन बोटं. आवाज नाय आला गं त्याचा. मशीनचाच आला, रोजच्यासारखा. मी वळून पाहिलं तर तो हाताकडं बघत उभा होता, दुसऱ्याच्या हाताकडं बघावं तसा. मग मला म्हणाला, "वाल्या, मशीन बंद कर ना."

बोटं जोडता येणार नायत म्हणाले. हात पांढऱ्या कापडात, उशीएवढा.

बुधवारी कांग सर मला घेऊन दवाखान्यात गेले. मलाच. कयल सुट्टीवर होती. त्यांच्याकडं असं हाय की काय चुकलं-झालं की माणसानं स्वतःच्या हातानं हकिगत लिहून द्यायची. शिमालसो म्हणतात त्याला. टाईप केलेला चालत नाय. हेड ऑफिसला जातो, म्हणून कोरियनमध्येच पाहिजे. सरांनी नमुना लिहून आणलेला. मंगळूला लिहायला हात नाय. सर माझ्याकडं बघून म्हणाले, तू लिही. मोडकं हिंदी बोलले, "हॉस्पिटल पेपर. मंगळू हेल्प."

मी आधी वहीत कच्चा उतरवला, मग पक्का. दीड तास लागला. एक अक्षर चुकलं नाय. सरांनी पाठीवर हात ठेवला. मंगळूनं विचारलं, "काय लिहिलंय, वाच." मी सगळा खडाखडा वाचून दाखवला. तो म्हणाला, "मराठीत सांग ना, भावा." मी म्हणालो, दवाखान्याचा कागद हाय, कंपनी तुला मदत करणार हाय. मधी ब्योंगवन आलेलंच होतं, तुझा वीसातला शब्द. त्यानं डाव्या अंगठ्याचा ठसा दिला.

वहीतलं कच्चं पान सोबत पाठवतोय. बघ माझं अक्षर. तुझ्या पुस्तकात छापलेलं असतं तसं आलंय की नाय? चुका काढ.

आज सकाळी मला पिवळी टोपी दिली. घेताना बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग रूमवर आलो, मंगळूची खाट मोकळी होती, टोपी कुठं ठेवावी कळंना.

त्याच्या आईला अजून काय सांगू नका.

वाल्मीक


२१ फेब्रुवारी

दादा,

मंगळूचं वाचून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आईला सांगितलं नाही, पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

अक्षर छान आहे. खरंच छान आहे, माझ्यापेक्षा सरळ. चुका नाहीत. कागद दवाखान्याच्या खर्चाबद्दल आहे, हाताला लागल्याचं लिहिलंय. तू सांगितलंस तेच.

दोन्ही बटणं वापर. टेप काढलीस का? ते लिहिलं नाहीस.

गोदावरी


१ मार्च

गोदे,

तुझ्या पत्रात काय कमी हाय ते मी चार दिवस शोधतोय. एवढंसं पत्र तू कधी लिहीत नायस.

टेप आम्ही काढायची वेळच आली नाय. मंगळूचा हात गेला त्याच रात्री सगळ्या मशीनवरच्या टेपा निघाल्या. सकाळी बटणं पुसून चकचकीत. जसं काय कधी नव्हत्याच.

मंगळू मंगळवारपासून रूमवर हाय. शेजारच्या खाटेवर. काल आम्हाला कामावर लावणारा ठेकेदार आला. म्हणाला, "अठरा तारखेचं तिकीट काढलंय, घरी जा, आराम कर." मंगळू म्हणाला, "आणि पैसे? दवाखाना?" ठेकेदार हसला. म्हणाला, "तूने खुद लिख के दिया है, अब क्या पूछता है?"

रात्री मंगळू म्हणाला, "वाल्या, तू वाचलं होतंस ना नीट?" मी म्हणालो, वाचलं होतं. तुझं पत्र काढून दाखवलं. म्हणालो, माझी बहीण परीक्षा पास झालेली हाय, बघ, तिनं पण हेच लिहिलंय. तो म्हणाला, "मग ठीक हाय." आणि कूस बदलून झोपला. डाव्या कुशीवर, कारण उजवा हात वर ठेवायला लागतो.

मला झोप नाय. मी खडाखडा वाचलं गं, पण वाचलं म्हंजे काय केलं? आपल्या गावात पोथी वाचायला सहादू आजा बसायचा, त्याला कुणी अर्थ विचारला की चिडायचा. तसं झालंय माझं.

त्या पानावरचा एकेक शब्द उलटापालटा कर आणि मला खरं काय ते लिही. वाईट असलं तरी. अठरा तारखेच्या आत.

वाल्मीक


९ मार्च
स्पीड पोस्ट

दादा,

आधी माझं सांगते, मग कागदाचं. उलटं केलं तर तू माझं वाचणारच नाहीस.

मी पास झालेले नाही. परीक्षेला बसलेच नाही. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी स्वरदाच्या घरी जाऊन परत आले. वाटलं नापास झाले तर तू म्हणशील, यासाठी मी पेट्या उचलल्या का? म्हणून तुला पास सांगितलं. मग स्वरदालाही तेच सांगावं लागलं.

तुझं पान आलं तेव्हा मला त्यातले फक्त चार शब्द कळले. हात, दवाखाना, पगार, मी. बाकी सगळी ऑफिसची भाषा, माझ्या पुस्तकात नाही तसली. स्वरदाकडे गेले असते, तिने मोबाईलवर फोटो काढला असता, मोबाईलनेच भाषांतर दाखवलं असतं, एका मिनिटाचं काम होतं. पण ती म्हणाली असती, तू पास आहेस ना? म्हणून मी चार शब्दांवर तुला उत्तर लिहिलं. तू दवाखाना म्हणालास, मला दवाखाना दिसला, मी हो म्हटलं.

तुझं परवाचं पत्र वाचून तशीच नाशिक रोडला गेले. स्वरदाला सगळं सांगितलं. तिने फोटो काढला. मग आम्ही शब्द न् शब्द पुस्तकातून ताडून बघितला, दुपारभर. कागद असा आहे:

"मी, मंगळू, मशीन नंबर नऊ. सूचना दिलेली असताना ती न मानता मी स्वतःच्या मनाने बटणाला टेप लावली. त्यामुळे हाताला इजा झाली. चूक पूर्णपणे माझी आहे. दवाखान्याचा खर्च माझ्या पगारातून कापावा. यापुढे कंपनीकडे कसलीही मागणी करणार नाही. हे मी कुणाच्या दबावाशिवाय स्वतः लिहिले आहे."

दादा, हे फोनवर सांगता आलं असतं. पण मंगळू शेजारच्या खाटेवर आहे आणि तुझा आवाज मला माहीत आहे. तू आधी ओरडशील, मग कांग सरांच्या अंगावर जाशील, आणि अठरा तारखेला तुम्ही दोघंही गाडीत असाल.

त्यापेक्षा हे घे. सोबतच्या चिठ्ठीवर सात वाक्यं आहेत. साधी आहेत, लहान पोरासारखी, पण आम्ही दोनदा तपासलीत. प्रत्येकाखाली मराठीत अर्थ लिहिलाय. या वेळी अर्थ आधी वाच. नम्र "मी" वापरलाय. पटलं नाही तर फाडून टाक. कुठे द्यायची, कुणाला द्यायची, मला माहीत नाही. कयलला विचार.

मी काल मंगळूच्या आईकडे गेले होते. तिला बोटांचं सांगितलं. तिने विचारलं, "वाल्मीक हाय ना तिथं?" मी म्हटलं, आहे.

गोदावरी


२१ मार्च

गोदे,

तुझं पत्र चौदाला मिळालं. आधी तुला शिव्या घातल्या, पोटभर, संडासात जाऊन. मग माझ्याच खिशात हात गेला. माझ्याकडं चांगला मोबाईल हाय. त्या दिवशी दवाखान्यात पण होता. फोटो काढला असता तर मलाही एका मिनिटात कळलं असतं. का नाय काढला? कारण मला वाटलं, मला येतं. तू चार शब्दांवर हो म्हणालीस, मी एका शब्दावर. आपल्या दोघांत एवढाच फरक.

मंगळूला त्याच रात्री सांगितलं. मला वाटलं मारंल. डाव्या हातानं मारता आलं असतं. तो म्हणाला, "अक्षर तुझं हाय ना? मग आता तूच कायतरी लिही." आणि बिडी पेटवून दे म्हणाला. त्याला काडी ओढता येत नाय आता.

दुसऱ्या दिवशी कयलला गाठलं. तिनं तुझी चिठ्ठी वाचली, एक शब्द बदलला. हिंदीत म्हणाली, "ऑफिसात दिलीस तर कांग सरांच्याच टेबलावर येईल. सोमवारी सकाळी प्लांटचे मोठे साहेब आवारात असतात. महिन्यातनं एकदाच येतात." मग खाली बघून म्हणाली, "सोमवारी कार्ड वाचायची पाळी कुणाची?"

पाळी माझी होती. पिवळी टोपी माझ्याच डोक्यावर.

सोमवार सतरा तारीख. आठ वाजता तीनशे माणसं रांगेत. पुढं मोठे साहेब, बाजूला कांग सर, मागं कयल. मंगळू हात गळ्यात बांधून गेटपाशी उभा. माझ्या डाव्या हातात सुरक्षेचं कार्ड, त्याच्यावर तुझी चिठ्ठी. वाटलं, चिठ्ठी खिशात घालावी आणि नुसतं कार्डच वाचावं. मग आईची ४१ नंबरची पेटी आठवली.

पहिलं वाक्य वाचलं. "मी वाल्मीक, प्रेस लाइन." थांबलो, सवयीनं. आणि गोदे, मी हा विचारच केला नव्हता. मागनं तीनशे माणसं मुठी वर करून तेच ओरडली! रोज ओरडतात तशी. त्यांना काय माहीत आज काय चाललंय? दुसरं वाचलं, "मंगळूचा कागद मी लिहिला." तीनशे माणसं, मंगळूचा कागद मी लिहिला. "मला अर्थ कळला नव्हता." मोल्लात्सम्निदा! आख्खं आवार दणाणलं. कांग सर पुढं आले, कार्ड घ्यायला हात केला. मोठ्या साहेबांनी नुसता तळवा दाखवला. सर थांबले.

चौथं वाक्य मोठ्यानं वाचलं. "बटणाला टेप लावायला कांग सरांनी सांगितलं." तीनशे आवाज. कांग सरांचं नाव सगळ्यांना कळलं, शेवटाला आवाज जरा दबला. पण ओरडले. "टेप सगळ्या मशीनवर होती." "मंगळूची चूक नाय." मंगळूचं नाव आलं तशी रांगेतली आपली चार पोरं गेटकडं बघायला लागली. शेवटचं होतं, "चूक माझी हाय." जे जालमोसिम्निदा. तीनशे माणसं म्हणाली, चूक माझी हाय. मंगळू पण म्हणाला. तेवढ्यातही मागनं ओरडायची सवय सुटली नाय त्याची.

मग मुठी खाली आल्या. मोठे साहेब कयलकडं वळून कायतरी बोलले. तिनं मान हलवली आणि माझ्या हातातनं चिठ्ठी नेऊन त्यांच्या हातात दिली.

पुढचं तुला वाटंल तसं सोपं नाय. संध्याकाळी ठेकेदारानं माझी टोपी आणि गेटपास काढून घेतला. रांगेत गोंधळ घातला, असं लिहिलं. कांग सर अजून हायेत, फक्त आमच्या लाइनवर नायत. मंगळूचं अठराचं तिकीट रद्द झालं. बुधवारी त्याचा नवा जबाब घेतला, कयलनं वाक्यावाक्याला हिंदीत सांगून, आणि कामगार खात्याचा माणूस बसला होता. दवाखान्याचं बिल कंपनीनं सध्या उचललंय. बोटांच्या भरपाईचं काय ते कामगार खात्यातल्या एप्रिलच्या तारखेला ठरणार. जुना कागद अजून फायलीत हाय, माझ्या अक्षरात. तो कुणी फाडला नाय. म्हणून मी इथंच थांबतोय. त्या तारखेला उभं राहून सांगायचंय की हे अक्षर माझं हाय आणि शब्द माझे नायत, मंगळूचे तर नायतच. तोवर भाजी मार्केटमधी हमाली मिळालीय. पेट्या उचलायला मला शिकायला लागत नाय.

तू फॉर्म भर. बस परीक्षेला. नापास झालीस तरी चालंल, खोटी पास होऊ नको. कयलनं तुझी वाक्यं बघून विचारलं, "हे कुणाकडनं शिकली?" मी म्हणालो, पुस्तकाकडनं, घाबरत घाबरत. ती म्हणाली, "मी पण."

मंगळू उद्या शनिवारी गाडीत बसतोय, आईला भेटून एप्रिलला परत येणार. हे पत्र तो तुला स्वतः आणून देईल. डाव्या हातानं देईल, तू पण डाव्या हातानं घे, त्याला बरं वाटंल. आता राहिलेलं एक, ते शिमालसोसारखंच लिहितो.

मी, वाल्मीक, स्वतःच्या हातानं लिहून देतो की दिवाळीत गोदावरीचा मोबाईल मी आपटला. दोनदा. तो पडला नव्हता. ती सिरियल बघत नव्हती, शिकत होती, हे मला तेव्हाच दिसलं होतं. म्हणून जास्त राग आला. जे जालमोसिम्निदा. हे मी कुणाच्या दबावाशिवाय लिहिलंय आणि मला अर्थ माहीत हाय.

पत्रासोबत पाकीट हाय. पिवळ्या टोपीचे मिळालेले चार हजार मंगळूच्या आईच्या हातात तू स्वतः नेऊन दे, त्याच्या हातानं देऊ नको, तो घेणार नाय. राहिलेले तुझ्या मोबाईलचे. चांगला तर येणार नाय, पण फोटो निघंल एवढा येईल. मंगळूसमोर मोजून घे: एकूण अकरा हजार दोनशे रुपये.

वाल्मीक